नाव न घेता

सोनवडच्या मिशन कंपाउंडात एखादी गुप्त राहिलेली गोष्ट शोधूनही सापडली नसती. तिथल्या लोकांना चहाड्या आवडत असं नव्हे. उलट चहाडी हे पाप आहे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण दर बुधवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा भरे आणि तिथं 'विनंत्या' सांगायची रीत होती. ज्याची जी अडचण असेल ती त्याने उभं राहून सांगायची, मग सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी प्रार्थना करायची. दुसऱ्याची अडचणही मांडता येई, फक्त नाव घ्यायचं नाही. "आपल्यातल्या एका भावाची बाटली सुटावी म्हणून," असं कुणी म्हटलं की सगळे डोळे मिटत, आणि मिटण्यापूर्वी एकदा दाराशी बसलेल्या बेंजामिनकडे पाहून घेत.

या सभेत सर्वांत जास्त विनंत्या एस्तेरबाई रणनवरे यांच्या असत. बाई प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, ख्रिस्ती मंडळीच्या महिला संघाच्या अध्यक्षा, वय बासष्ट, धड गुडघा एक आणि जीभ दोन माणसांची. मनाने मात्र स्वच्छ. आईच्या पोटात जीव धरला की तो देवाने हाती घेतलेला माणूस, त्याला हात लावायचा अधिकार कुणाला नाही, ही त्यांची श्रद्धा होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. निवडणुका आल्या की दारात आलेल्या उमेदवाराला त्या रस्ता, पाणी, वीज काही विचारत नसत. "पोटातल्या लेकराबद्दल तुमचं काय म्हणणं?" एवढाच प्रश्न. मागे एका तरुण उमेदवाराने गोंधळून "कुणाच्या?" असं विचारलं होतं. त्याला कंपाउंडातलं एकही मत पडलं नाही.

आजवर या प्रश्नाचं धड उत्तर देणारा उमेदवार क्वचित भेटला. या वर्षी मात्र एक अख्खा पक्षच उत्तर घेऊन उभा होता, आणि ते उत्तर विज्ञानाने दिलं होतं.

अकाली जन्मलेल्या बाळाला कृत्रिम पिशवीत जगवण्याची विद्या तोवर नवी राहिली नव्हती. अडत होतं ते मुळाशी. सातव्या-आठव्या आठवड्यातला गर्भ जेमतेम बोराएवढा असतो, पण केसांहून बारीक अशा असंख्य मुळ्यांनी तो गर्भाशयाच्या अस्तराला धरून बसलेला असतो. तो उचलायला गेलं की मुळ्या तुटतात आणि जीव जातो. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने दोन गोष्टी साधल्या. बाळंतपणानंतर वार आपसूक सुटते, तेव्हा शरीरात जो रासायनिक निरोप फिरतो तो त्यांनी ओळखला, आणि त्याचा सौम्य अवतार तयार केला. तो दिला की मुळ्या न तुटता काही तास पकड ढिली करतात. दुसरी गोष्ट म्हणजे गरोदर बाईच्याच पेशींपासून त्यांनी अस्तराचा जिवंत पापुद्रा वाढवला. पोटाला चीर न देता गर्भ बाहेर काढायचा, पापुद्र्यावर ठेवायचा. दिवसभरात मुळ्या पुन्हा धरतात. मग पिशवी, कोमट पाणी, हृदयाच्या ठेक्यावर चालणारा पंप आणि कृत्रिम रक्त. दहावा आठवडा उलटला की मुळ्या जाड होतात, मग हे जमत नाही. डॉक्टरांनी याला लांबलचक नाव दिलं होतं. लोकांनी त्याला 'दुसरी कूस' म्हटलं आणि तेच टिकलं.

बाईने नऊ महिने वाहायचं की नाही आणि लेकराने जगायचं की नाही, हे आजवर एकाच गाठीत बांधलेले दोन प्रश्न होते. ती गाठ सुटली. जीवन पक्षाने, ज्याची निशाणी पाळणा होती, जाहीर करून टाकलं की आम्ही निवडून आलो तर गर्भपात बंद. ज्या बाईला मूल नको तिने दहावा आठवडा उलटण्याआधी ते दुसऱ्या कुशीत द्यायचं. तिची सुटका, लेकराचा जीव शाबूत, पुढचं शासन बघेल.

सुंठीवाचून खोकला गेला, असंच एस्तेरबाईंना वाटलं. महिला संघाच्या बैठकीत त्यांनी बायकांना पाळण्याचं चित्र वाटलं. विरोध केला तो एकट्या योनाथान साळवेने. तो वायरमन, आणि मंडळीत तबला वाजवणारा.

"बाई, मी काय म्हन्तो," तो म्हणाला, "लेकरू जगावं, माझंबी म्हननं तेच. पन सरकारनं बाईला धरून टेबलावर झोपवायचं, हे मला न्हाई पटत. माझं मत समोरच्या पार्टीच्या किटलीला."

"तुला देव समजला नाही, योनाथान."

"आसंल. पन सरकार समजलंय."

एस्तेरबाईंनी त्याच्यासाठी पुढच्याच बुधवारी विनंती मांडली. अर्थात, नाव न घेता.

*

निवडणुकीला महिना असताना एका संध्याकाळी सलोमी दूध डेअरीतून घरी आली आणि जेवण न करता ओट्याशी उभी राहिली. सलोमी ही एस्तेरबाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यापासून बाईंनीच तिला वाढवलं होतं. आता ती सत्तावीस वर्षांची, डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासायची. ज्या मुलाशी तिचं लग्न ठरल्यात जमा होतं त्याने दोन आठवड्यांपूर्वी दुसरीकडे साखरपुडा केला होता.

"मावशी, मला दिवस गेलेत," ती म्हणाली. "आठवा आठवडा आहे. मी डॉक्टरांची वेळ घेतलीय. तुला न सांगता करणं बरं वाटेना, म्हणून सांगतेय."

एस्तेरबाई खाली बसल्या. रागावल्या नाहीत. त्यांना आधी रडू आलं, मग तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्यांनी जवळ घेतलं. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण त्या म्हणाल्या, "अगं, मग दुसरी कूस आहे ना. तुला वाहायला नको, आणि त्याला मरायला नको."

"आणि मग?"

"मग काय? जन्मेल. कुणीतरी वाढवेल."

"कोण कुणीतरी?" सलोमीने विचारलं. "मावशी, मी बस स्टँडवर दिसेल त्या पोराचं तोंड बघत फिरणार का जन्मभर? हे नाक माझं आहे का, हे कान त्याचे आहेत का? पोट रिकामं झालं म्हणजे सुटका झाली, असं तुला कुणी सांगितलं?"

उत्तर नसलं की बाई प्रार्थना करत. बुधवारी सभा चर्चच्या पाळकसाहेबांच्याच घरी होती. विनंत्यांची वेळ आली, तेव्हा एस्तेरबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"आपल्या ओळखीतली एक तरुण मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "फसवली गेलीय. पोटातल्या जीवाबद्दल तिचं मन कठीण झालंय. दुसरी कूस नको म्हणते. तिचं मन वळावं म्हणून."

सगळ्यांनी डोळे मिटले. मिटण्यापूर्वी सगळ्यांनी एस्तेरबाईंच्या शेजारची रिकामी खुर्ची पाहून घेतली. तिथं एरवी सलोमी बसत असे.

*

शुक्रवारी पाळकीणबाई आणि महिला संघातल्या तिघी बिस्किटांचा पुडा घेऊन सलोमीला भेटायला आल्या. कुणी टोचून बोललं नाही. चौघींनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, चौघी रडल्या. सलोमी ताठ बसून होती. शनिवारी डेअरीत एकाने तिला सुटी हवी का, असं फार मायेने विचारलं. रविवारी जीवन पक्षाचे उमेदवार बापूसाहेब थेटे यांचा एस्तेरबाईंना फोन आला. "बाई, प्रचारसभेत तुम्ही दोन शब्द बोला. घरातलं उदाहरण लोकांच्या काळजाला भिडतं. मुलीचं नाव घ्यायचं नाही, अर्थात."

एस्तेरबाईंनी हो-नाही काही न म्हणता फोन ठेवला तेव्हा सलोमी बॅग भरत होती.

"मी नाशिकला जातेय, वर्षाकडे," ती म्हणाली. वर्षा तिची कॉलेजातली मैत्रीण. "मावशी, एकच सांग. तू माझ्यासाठी प्रार्थना केलीस, की माझ्याबद्दल?"

"मी तुझं नाव घेतलं नव्हतं गं."

"घेतलं असतंस तर बरं झालं असतं. निदान मला राग तरी धरता आला असता."

ती गेली. बाईंनी तिचं ताट तसंच झाकून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी ते गाईला घातलं. आयुष्यभर ज्या सवयीला आपण भक्ती समजत आलो तिने घरातली पोर बाहेर काढली, हे त्यांना कळत होतं. ते कळणं फार वाईट होतं.

*

मंगळवारी त्या विजेच्या एसटीने नाशिकला गेल्या. पण थेट सलोमीकडे जायचं धैर्य होईना. म्हणून आधी त्या गेल्या दुसऱ्या कुशीच्या केंद्रात. ज्या गोष्टीसाठी आपण चित्रं वाटली ती एकदा डोळ्यांनी तरी पाहावी, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

तिथल्या डॉक्टर निलोफर इनामदार यांनी त्यांना पायात कापडी पिशव्या चढवायला लावून आत नेलं. दालनात मंद तांबूस उजेड होता आणि एक संथ ठोका सगळीकडून ऐकू येत होता. ओळीने पिशव्या मांडलेल्या, गरम पाण्याने शेकायच्या पिशवीपेक्षा थोड्या मोठ्या. एका पिशवीत पाच महिन्यांचं लेकरू अंगठा चोखत होतं. एस्तेरबाईंनी नकळत हात जोडले. इतकी वर्षं त्या ज्याच्यासाठी भांडल्या ते असं समोर, आणि ते त्यांच्या श्रद्धेपेक्षा तसूभरही कमी नव्हतं.

मग त्यांनी पिशवीखालची पाटी वाचली. 'पालक : शासन.'

शेजारचीही तीच. पुढची तीच. मधूनच एखाद्या पाटीवर माणसाचं नाव, देशमाने किंवा शेख किंवा पगारे, आणि मग पुन्हा ओळीने शासन, शासन.

"यांना कुणी घेत नाही?" बाईंनी विचारलं.

"काहींना घेतात," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीची बालगृहात जातात. तिथली माणसं चांगली आहेत, पण हात कमी पडतात. कायदा आला तर दालनं वाढतील. पैसे मंजूर होतील. पाट्यांचं काय करायचं, ते अजून कुणी विचारलेलं नाही."

"आमच्या मंडळीत सगळे याच्या बाजूने आहेत."

"हो, पुष्कळ लोक बाजूने आहेत," डॉक्टर सरळपणे म्हणाल्या, आणि त्यांनी एका पिशवीचं तापमान पाहिलं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शाळेत ही म्हण बाईंनी कितीदा फळ्यावर लिहिली होती. त्या दिवशी तिचा अर्थ त्यांना दालनभर दिसला.

सलोमीने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. एस्तेरबाई उंबऱ्याबाहेरच बोलल्या. "माझं चुकलं. ती प्रार्थना नव्हती. मी चहाडी केली आणि शेवटी आमेन म्हटलं."

सलोमी दारातून बाजूला झाली. मग तिने खुर्ची पुढे सरकवली. चहा झाल्यावर म्हणाली, "मीही गेले होते त्या केंद्रात. काल. पाट्या वाचल्या."

"तुझी डॉक्टरची वेळ कधी?"

"पुढच्या मंगळवारी. मावशी, मी वाईट नाहीये. मलाही ते बोराएवढं काहीतरी आहे हे कळतं. पण 'शासन' लिहिलेल्या पाटीखाली ते ठेवून मी घरी येऊन झोपू शकणार नाही. तिथं तुझं नाव लागणार असेल तर मी विचार करीन. तू घेशील?"

एस्तेरबाईंच्या तोंडाला कोरड पडली. गुडघा, बासष्ट वर्षं, उरलेलं आयुष्य, लोक काय म्हणतील, रात्रीची जागरणं, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. दुसऱ्या कुणालाही त्यांनी हे क्षणात सांगितलं असतं. इतरांना सांगताना त्यांना कधी क्षणभरही लागला नव्हता.

"मला थोडा वेळ दे," त्या म्हणाल्या.

"बघ," सलोमी म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता. "तुलाही वेळ लागतो. तेवढाच मला लागतोय."

*

तो रविवार कापणीच्या सणाचा होता. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वेदीपुढे लोकांनी पहिल्या पिकातलं आणून ठेवलं होतं. कणसं, भोपळे, कांद्याच्या माळा, एक पाय बांधलेला कोंबडा. उपासना संपत आली तेव्हा एस्तेरबाईंनी बोलायला परवानगी मागितली. पाळकसाहेबांनी दिली, बाईंना नाही म्हणायची तिथं कुणाची छाती नव्हती.

"परवाच्या नव्हे, त्याआधीच्या बुधवारी मी एक विनंती सांगितली होती," त्या म्हणाल्या. "ती सांगायचा मला अधिकार नव्हता. मी माफी मागते. त्या मुलीला भेटायला आता कुणी जाऊ नये." त्या थांबल्या. "काय करायचं ते ती ठरवेल. पण ते लेकरू जन्मलं, तर मी त्याला वाढवणार आहे. माझं वय तुम्हाला माहीत आहे. ते दहा वर्षांचं होईल तेव्हा मी कदाचित नसेन. मी विनंती सांगत नाहीये, विचारते आहे. माझ्यानंतर त्याला कोण घेईल?"

कोंबड्याने पंख फडफडवले. महिला संघाच्या ओळीतल्या बायका मांडीवरच्या हातांकडे पाहत होत्या. त्या दुष्ट नव्हत्या. प्रत्येकीच्या घरी सासू होती, दोन खोल्या होत्या, शिकणारी मुलं होती. गेल्या मंगळवारी एस्तेरबाईंच्या तोंडाला जी कोरड पडली होती ती आता सगळ्या देवळाच्या तोंडाला पडली. बाईंना ती नीट ओळखू आली, म्हणून त्यांना राग आला नाही.

तबल्यामागून योनाथान उठला. त्याने बायकांच्या बाजूला बसलेल्या आपल्या बायकोकडे पाहिलं. ती आधीच उभी राहिली होती.

"आमच्यात तीन हायेत," तो म्हणाला. "चौथं मावंल. आन बाई, तुमच्यानंतर कशाला? तुम्ही असतानाबी येईल की दुपारचं. आमचं घर काय लांब न्हाई."

त्यानंतर पाळकीणबाई म्हणाल्या की पाळणा त्यांच्याकडे आहे, धूळ झटकावी लागेल. बेंजामिनने दाराशी उभं राहून सांगितलं, की त्याची शेळी तोवर व्यायलेली असेल. कुणीतरी हसलं, आणि देऊळ मोकळं झालं.

त्या संध्याकाळी एस्तेरबाईंनी सलोमीला फोन केला. "माझं नाव लिही पाटीवर," त्या म्हणाल्या. "तू दुसरं काही ठरवलंस तरी मी तुझी मावशी आहे. पण माझं उत्तर हो आहे."

मग सलोमी म्हणाली, "तू मला त्याचे फोटो पाठवायचे नाहीत. मी विचारीन तेव्हाच सांगायचं. लोकांना माझ्याबद्दल काही बोलायचं नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही." तिचा आवाज बारीक झाला. "त्याच्यापासून मात्र माझं नाव लपवू नकोस."

मंगळवारी ती केंद्रात गेली. बाहेरच्या बाकावर एस्तेरबाई बसून होत्या. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. तीन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं, की मुळ्यांनी धरलं आहे.

*

मतदानाच्या दिवशी कंपाउंडातल्या बायका बरोबरीने शाळेकडे निघाल्या. ही शाळा बाईंचीच. ज्या वर्गात त्यांनी पाढे शिकवले तिथं यंत्र मांडलं होतं. बोटाला शाई लागली, आणि एस्तेरबाई पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या.

एरवी तिथं त्यांना वेळ लागत नसे. त्या दिवशी पाळणा समोर होता, किटली समोर होती. पोटातला जीव माणूसच असतो, ही त्यांची श्रद्धा केसभरही हलली नव्हती. दालनातला अंगठा चोखणारा जीव पाहिल्यापासून ती अधिकच पक्की झाली होती. पाळण्याचा कायदा असता तर असे कितीतरी वाचले असते. पण तो कायदा असता तर सलोमीला कुणी विचारलं नसतं, फक्त नेलं असतं. आणि तिला विचारल्यामुळेच तर पाटीवरचं नाव बदललं होतं. दुसरीकडे, ज्यांच्या मावश्यांना नाशिकची बस सापडत नाही त्यांच्या लेकरांचं काय? दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि बटण एकच दाबायचं होतं. मतदान अधिकारी खोकला.

त्यांनी कोणतं बटण दाबलं ते मला माहीत आहे. पण मी ते सांगणार नाही.

बाहेर पाळकीणबाई वाट पाहत होत्या. "आज बराच वेळ लावलात बाई," त्या म्हणाल्या. "पाळणाच ना?"

साऱ्या बायका थांबल्या. इतकी वर्षं या शाळेच्या पायऱ्यांवर एस्तेरबाईंनी आपलं मत मोठ्याने जाहीर केलं होतं.

"देवाला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तेवढ्यावर भागेल."

आणि त्या एसटी स्टँडकडे वळल्या.

नाशिकला पोचेतो दुपार झाली होती. दालनाच्या दाराशी हात धुताना नर्स म्हणाली, "शाई राहू द्या आजी, ती जायची नाही." पिशवीखालच्या पाटीवर 'पालक : एस्तेर रणनवरे' असं लिहिलं होतं. वर एक छोटी जाळी होती. तिच्यातून बोललेलं आत पोचतं, असं नर्सने सांगितलं. ऐकू यायला त्याला अजून अवकाश आहे, पण पालकांनी सवय करून घेतलेली बरी.

एस्तेरबाईंनी मागे वळून पाहिलं. ऐकण्याच्या अंतरावर कुणी नव्हतं. मग त्या वाकल्या, शाईचं बोट पिशवीच्या काठाला टेकवलं, आणि बुधवारच्या सभेत कधी काढला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या आईचं नाव सलोमी आहे."